आजीच्या ज्ञानेश्वरीच्या स्टँडवर ‘अर्थसी’

पार्सल घेऊन आलेला मुलगा दारातच म्हणाला, “काकू, दोन्ही हातांनी धरा.” खोक्याचा एक कोपरा चेपला होता, पण आतलं पुस्तक शाबूत होतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं, तर दोन किलोंच्या आसपास भरलं. ‘द बुक्स ऑफ अर्थसी’. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी या फँटसी-मालिकेतल्या सगळ्या कादंबऱ्या आणि कथा एकाच ग्रंथात, सोबत चार्ल्स वेस यांची चित्रं. जवळपास हजार पानं. गेल्या दिवाळीच्या बोनसमधून घेतलं, तीन हजारांच्या वर पडलं. आठ महिने जवळजवळ रोज हाताळून झालं आहे, म्हणून आता लिहायला बसले.

आमचा ठाण्यात सात-आठ जणांचा एक कट्टा आहे. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, चहा-पोहे होतात आणि बोलणं फक्त फँटसीबद्दल. सुरुवातीचा प्रश्न ठरलेला असतो, नवीन काय वाचलं आणि परत काय वाचताय? नव्याची उत्तरं दर महिन्याला बदलतात. एक जण ब्रँडन सँडरसनच्या ‘स्टॉर्मलाइट’चा पाचवा खंड २०२४च्या डिसेंबरात आल्यापासून त्यातच बुडालेला आहे. कॉलेजातल्या दोघी रेबेका यारोसच्या ड्रॅगनस्वारांच्या मालिकेचा तिसरा भाग रात्रभर जागून संपवून आल्या होत्या आणि दोघींना एकमेकींच्या आधी बोलायचं होतं. सुझॅना क्लार्कची ‘पिरानेसी’ आम्ही सगळ्यांनीच वाचली. ‘परत काय’ या प्रश्नाची उत्तरं मात्र वर्षानुवर्षं तीच आहेत. कुणी दर डिसेंबरात टॉल्कीन काढतं, कुणी प्रॅचेटच्या ४१ डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांतली हाताला लागेल ती उचलतं. मी अर्थसी. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, पारायण. पारायणाला बसणाऱ्याला पुढे काय होणार ते पाठ असतं, तरी तो बसतो. या ग्रंथाकडे मी पारायणाचा ग्रंथ म्हणूनच बघते आणि परीक्षणही त्याच बाजूनं करणार आहे.

अर्थसीच्या पहिल्या पुस्तकाची प्रत मी १९९३ साली माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर घेतली, बारा रुपयांना. दहावीची परीक्षा संपली होती. पातळसं पेपरबॅक, कुणाचं तरी नाव पहिल्या पानावर खोडलेलं. इंग्रजी माझं बेताचं, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. त्यातला नायक गेड बकऱ्या वळणारा, बापाच्या भात्यावर राबणारा, आईविना वाढलेला पोरगा. जादूचा पहिला शब्द त्याला कुणी मोठा सिद्धपुरुष शिकवत नाही, त्याची मावशी शिकवते. इंग्रजीत ती नुसती आईची बहीण आहे. माझ्या डोक्यात ती पहिल्या क्षणापासून मावशी होती, आणि त्या एका शब्दानं ते दूरचं बेट एकदम आमच्या चाळीत आलं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अर्थसी म्हणजे समुद्रात विखुरलेल्या शेकडो बेटांचं जग. ले ग्विनबाईंनी कथा लिहायच्या आधी मोठ्या कागदावर त्याचा नकाशा काढला होता. या जगात प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याचा त्या वस्तूवर, त्या माणसावर ताबा. म्हणून माणसं खरं नाव जपून ठेवतात आणि व्यवहाराला हाकेचं नाव वापरतात. पहिलं पुस्तक १९६८चं, दुसरं १९७१चं, तिसरं १९७२चं. मग तब्बल अठरा वर्षांनी, १९९० साली, चौथं ‘तेहानू’. २००१ साली एक कथासंग्रह आणि शेवटची कादंबरी ‘दि अदर विंड’. या ग्रंथात हे सगळं आहे, शिवाय १९६४ सालच्या दोन जुन्या कथा, नंतरच्या दोन कथा, बेटांच्या इतिहासाचं आणि भाषांचं वर्णन आणि बाईंचं एक व्याख्यान. मराठीत ‘अर्थसी’ असं लिहिलं की त्यात ‘अर्थ’ आपोआप येऊन बसतो, याचा मला लहानपणापासून आनंद आहे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर नावांची लेबलं चिकटवते आणि अर्जाशी दोनदा ताडून बघते. नाव चुकलं की माणूस चुकला, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. त्यामुळे नावावर उभ्या असलेल्या या गोष्टीत मला कधी काही अद्भुत वाटलंच नाही. ते खरं वाटलं.

आणि बारसं तर आपल्या घराघरांत होतं. पाळण्यापाशी आत्या वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि नाव सांगते. इतरांना ते मागाहून कळतं, बाळाला सगळ्यांत आधी. गेडचं नाव त्याला तेराव्या वर्षी मिळतं. मावशी त्याचं बाळपणीचं नाव काढून घेते, तो उघडा आणि बिननावाचा आर नदीच्या उगमापाशी थंडगार पाण्यातून चालत पलीकडे जातो. काठावर ओगियन, त्याचा होणारा गुरू, उभा असतो. तो त्याचा दंड धरतो आणि कानात नाव सांगतो. एवढाच प्रसंग, अर्ध्या पानाचासुद्धा नाही. मी तो किती वेळा वाचला असेल याची मोजदाद नाही, आणि दर वेळी मला माझी आत्या आठवते, तिच्या हिरव्या बांगड्यांसकट.

आता ग्रंथाबद्दल. एवढं जड पुस्तक मांडीवर टिकत नाही, झोपून वाचणं तर अशक्यच. पहिल्या आठवड्यात मनगट भरून आलं. मग माळ्यावरून आजीचं ज्ञानेश्वरी ठेवायचं लाकडी घडीचं स्टँड काढलं. पुसलं, एक सैल झालेली खीळ ठोकून घेतली आणि त्यावर पुस्तक ठेवलं. जणू त्यासाठीच बनवलेलं. मधोमध उघडलं की पान धरावं लागत नाही. पहिल्या आणि शेवटच्या पन्नासेक पानांना मात्र कपड्यांचा चिमटा लावते. माझ्या जवळच्या चष्म्याला अक्षर त्रास देत नाही. कागद दाट आहे. लोकलमध्ये न्यायचा प्रश्नच येत नाही, त्यासाठी जुनं पेपरबॅक अजून पर्समध्ये आहे.

चित्रं हा या आवृत्तीचा प्राण आहे. वेस आणि ले ग्विनबाई यांनी चार वर्षं एकत्र काम केलं. तो कच्ची रेखाटनं पाठवायचा, त्या आपलं म्हणणं कळवायच्या. ड्रॅगन कसा दिसावा यावर तर बरीच देवाणघेवाण झाली, कारण नेहमीच्या ड्रॅगनपेक्षा त्यांच्या मनातला वेगळा होता. २०१८च्या जानेवारीत बाई गेल्या, ग्रंथ त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. ५०हून जास्त चित्रं आहेत, काही रंगीत आणि बरीचशी काळ्या शाईच्या बारीक रेघांची. पुढच्या वर्षी ग्रंथाला सर्वोत्तम चित्रग्रंथाचा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीसाठीचा मोठा पुरस्कार, मिळाला.

मला त्यांतली शाईची चित्रं जास्त आवडतात. रंगीत पानं देखणी आहेत, पण डोळा तिथं फार वेळ थांबत नाही. शाईच्या रेघांत समुद्र नीट उतरला आहे. लाट रेघेनं काढली की तिला दिशा येते. रात्री टेबललॅम्प तिरपा केला की त्या रेघा हलल्यासारख्या वाटतात आणि बोट लहान, एकटी दिसते, तशीच ती वाचताना दिसायची.

आणि माणसांचे रंग. ले ग्विनबाईंनी पहिल्या पुस्तकातच स्पष्ट लिहिलं होतं की गेड तांबूस तपकिरी कातडीचा आहे, त्याचा मित्र वेच काळा आहे, आणि गोरी माणसं म्हणजे पूर्वेकडचे कार्गाद लोक. वर्षानुवर्षं मुखपृष्ठांवर गेड गोराच यायचा. २००४ साली टीव्हीवर मालिका आली तेव्हाही तेच झालं आणि बाईंनी जाहीर लेख लिहून त्यावर आक्षेप घेतला. खरं सांगायचं तर पंधराव्या वर्षी माझ्याही डोक्यात गेड गोरा होता. पानावर छापलेलं वाक्य मी वाचलं होतं, शब्दकोशात बघितलंही असेल, तरी मनातलं चित्र बदललं नव्हतं. इंग्रजी गोष्टीतला नायक म्हणजे गोरा, हे इतकं खोल रुतलेलं होतं. वेसच्या चित्रांत तो आहे तसा आहे. माझ्या लेकीनं पहिल्यांदा पान उलटलं आणि म्हणाली, “आई, हा तर मामासारखा दिसतो.” माझा भाऊ सावळा, धारदार नाकाचा. त्या दिवशी मला ग्रंथाची किंमत वसूल झाली.

खरी गंमत सुरू झाली ती आईमुळे. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे, माझ्याकडेच राहते. तिला इंग्रजी येत नाही. स्टँडवर पुस्तक बघून तिनं विचारलं, “कसली पोथी लावलीस?” मी सांगितलं, गोष्टीची. “मग मोठ्यानं वाच की.” तेव्हापासून जेवणं झाली की रोज अर्धा-पाऊण तास मी वाचते, म्हणजे इंग्रजीवर नजर ठेवून तोंडानं मराठीत सांगत जाते. ले ग्विनबाईंची वाक्यं त्यासाठी फार सोयीची आहेत. लहान, सरळ, एकापुढे एक पाऊल टाकणारी. कुणीतरी शेकोटीपाशी सांगत असावं तशी. अवघड वाक्य आलं तरी ते तोंडात घोळवलं की मराठीत उतरतं.

पण शब्द अडतात, आणि तिथं मला हे पुस्तक नव्यानं कळलं. गेडच्या मागे लागलेली ती काळी गोष्ट, इंग्रजीत ‘शॅडो’. मी सुरुवातीला ‘सावली’ म्हणत होते. आई दोन दिवस ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “सावलीला काय भ्यायचं? उन्हातनं आलेला माणूस सावलीच शोधतो.” बरोबर होतं तिचं. आपल्या भाषेत सावली म्हणजे आसरा, झाडाची, आईबापाची. ज्या देशात ऊन हवंहवंसं असतं तिथं सावलीची भीती, आपल्याकडे उलटं. मग मी ‘छाया’ म्हणायला लागले. ‘कशाची तरी छाया पडली आहे पोरावर’ असं आपण म्हणतोच, त्यातली छाया. आईनं मान डोलावली. जादूगार म्हटलं की तिला रुमालातून कबुतर काढणारा आठवायचा आणि मांत्रिक म्हटलं की लिंबू-मिरची. ओगियनला मी सिद्ध म्हणते. ते तिला लगेच पटलं, कारण लहानपणी श्रावणात त्यांच्याकडे नवनाथ भक्तिसार वाचायचे. मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, शाबरी विद्या हे सगळं तिला तोंडपाठ आहे. मंत्रानं धुकं आणून गेड गावावर चालून आलेल्या फौजेला चकवतो तो भाग ऐकून तिला जराही नवल वाटलं नाही. “असतंय तसं,” एवढंच म्हणाली.

तिला सगळ्यांत आवडला तो पावसाचा प्रसंग. ओगियन हा भूकंप शांत करणारा सिद्ध. त्याच्याबरोबर चालताना पाऊस लागतो. इतर मांत्रिक असते तर ढग दुसरीकडे हाकलले असते. ते दुसऱ्यानं तिसरीकडे, असं वादळ घिरट्या घालत राहिलं असतं. ओगियन पाऊस पडू देतो. झाडाखाली जागा बघून आडवा होतो. आणि गेड ठिबकणाऱ्या झुडपात कुडकुडत विचार करतो की एवढी शक्ती असून वापरायचीच नाही, तर तिचा उपयोग काय? पंधराव्या वर्षी मी गेडच्या बाजूनं होते. आई म्हणाली, “ढकलायचा कुठं पाऊस? शेजारच्याच्या शेतात?” ती सातारकडच्या कोरडवाहू शेतातली मुलगी आहे. मी तीस वर्षं ज्या ओळींवरून पुढे जात होते तिथं ती थांबली आणि मला त्या प्रसंगात तहानलेलं शेजारचं शेतही दिसलं, बुडालेलंही.

तिला राग आला तोही सांगते. पहिल्या पुस्तकात गाँट बेटावरची, म्हणजे गेडच्या बेटावरची, एक म्हण येते. बाईच्या जादूइतकं दुबळं, बाईच्या जादूइतकं दुष्ट, अशी. मी ती सहज वाचून पुढे गेले. आईनं हात वर केला. “हे कोण म्हणतं?” मी म्हटलं, गावातले लोक म्हणतात. “आणि लिहिणारी बाईच ना?” हो. ती गप्प झाली, पण त्या रात्री पुढचं ऐकायला बसली नाही.

मला या ग्रंथाबद्दल सगळ्यांत महत्त्वाचं जे वाटतं ते इथूनच सुरू होतं. हा प्रश्न आईच्या आधी खुद्द ले ग्विनबाईंना पडला होता. पहिल्या तीन पुस्तकांत रोक बेटावरच्या जादूच्या विद्यालयात एकही बाई नाही. दुसऱ्या पुस्तकाची नायिका तेनार आहे खरी, पण मोठी जादू, मोठा प्रवास, मोठे निर्णय पुरुषांचे. मग अठरा वर्षांनी बाई त्याच बेटांवर परत गेल्या. जुनं एक अक्षर पुसलं नाही. जागा बदलली आणि चुलीपाशी बसून तेच जग बघितलं. त्याच ‘तेहानू’त तेनार ही गाँटवरच्या एका शेतकऱ्याची विधवा आहे, शेळ्या सांभाळते, सूत कातते, जाळून टाकलेल्या एका लहान मुलीला वाढवते. गेड परत येतो तो सगळी शक्ती संपलेला, आणि जे त्याच्या हाती राहतं ते त्याच्या लहानपणचं काम, बकऱ्या वळण्याचं. नंतरच्या कथासंग्रहातल्या पहिल्याच कथेत कळतं की ते रोकचं विद्यालय उभं करण्यात बायका होत्या आणि पुढे त्यांनाच बाहेर ठेवलं गेलं. म्हणजे म्हण कुठून आली, तेही कळलं. लेखिकेनं स्वतःच्याच लेखनाचं पारायण केलं आणि त्यातून अर्धा ग्रंथ जन्माला आला. वेगवेगळ्या पेपरबॅकमध्ये वाचताना हे मला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. इथं पहिला अर्धा डाव्या हाताला आणि दुसरा अर्धा उजव्या हाताला तोलत असतो. ऑक्सफर्डला दिलेलं त्यांचं व्याख्यान शेवटी छापलं आहे, त्यात त्या याच बदलाबद्दल मोकळेपणानं बोलतात. ते आधी वाचू नका, शेवटीच वाचा.

‘तेहानू’ मी तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा हातात घेतलं होतं. तीस-चाळीस पानांत ठेवून दिलं. ड्रॅगन कुठं आहेत, रोक कुठं आहे, ही बाई भांडी का घासते आहे? कट्ट्यावरही अनेकांचं हेच होतं, पहिली तीन डोक्यावर घेतात आणि चौथ्यापाशी थांबतात. मी त्यांना एवढंच सांगते की परत एकदा घ्या, चाळिशीनंतर घ्या.

तेनारबद्दल थोडं सांगायला हवं. ती लहान असताना तिला कबरींच्या देवळाची पुजारीण म्हणून आणतात, सहाव्या वर्षी विधी होतो आणि तिचं नाव काढून घेतात. मग ती ‘अर्हा’, म्हणजे गिळली गेलेली. वर्षांनंतर भुयाराच्या अंधारात गेड तिला तिच्या जुन्या नावानं हाक मारतो आणि तिला आपण कोण ते आठवतं. ‘तेहानू’त तीच बाई गाँटवर संसार करते आणि नवऱ्याच्या गावात तिला गोहा म्हणतात. जाळं विणणारा एक लहान पांढरा कोळी असतो, त्याचं नाव ते. म्हणजे तिचं नाव दुसऱ्यांदा गेलं, या वेळी लग्नात आणि प्रेमानं.

माझी आई माहेरची कुसुम. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘वैशाली’ लिहिलं आणि ती वैशाली झाली. दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयात तिची कागदपत्रं जुळेनात. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशनकार्डावर वैशाली. प्रतिज्ञापत्र करा, मग या, असं चार वेळा झालं. शेवटच्या खेपेला खिडकीतल्या माणसानं दाखला उचलून मोठ्यानं वाचलं, “कुसुम…” आणि माहेरचं आडनाव. आई बाकावर बसली होती. ती ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, “हजर.” शाळेत म्हणतात तसं. मग तिलाच कसंतरी झालं, ती खाली बसली, पदरानं चष्मा पुसत राहिली. घरी येईपर्यंत रिक्षात आम्ही दोघी काही बोललो नाही.

भुयारातल्या हाकेचं प्रकरण वाचलं तेव्हा मला हे आठवणारच होतं. मी वाचताना आईकडे बघितलं नाही. प्रकरण संपलं, तिनं विचारलं, “तिनं परत कधी नाव सोडलं?” मी म्हटलं, पुढे एक नवरा येतो. “मग सोडलंच असेल,” आई म्हणाली आणि उठून पाणी प्यायला गेली.

ग्रंथात मला खटकलेल्या गोष्टीही आहेत. तिसरं पुस्तक, ‘द फार्देस्ट शोअर’, मला आजही मधे जड जातं. बेटामागून बेट, प्रत्येक ठिकाणी जादू ओसरलेली आणि माणसं सुकलेली, हे दोनतृतीयांश भागात पुन्हा पुन्हा येतं. त्यातला मृतांचा कोरडा प्रदेश, दगडी भिंतीपलीकडचा, जिथं प्रेमिक एकमेकांना ओळखत नाहीत, तो मात्र अंगावर येतो. तीस वर्षांनी ‘दि अदर विंड’मध्ये बाई त्या भिंतीपाशीही परत गेल्या, तिथं काय केलं ते सांगत नाही. ती शेवटची कादंबरी मला जरा घाईची वाटते, इतकी माणसं एकाच दरबारात जमवली आहेत की काहींना धड दोन वाक्यं मिळत नाहीत. १९६४च्या दोन कथा ग्रंथाच्या शेवटाकडे ठेवल्या आहेत ते बरं झालं. त्यांत बाईंचा हात अजून बसलेला नाही, नव्या वाचकानं तिथून सुरुवात केली असती तर त्याचा गैरसमज झाला असता. आणि रंगीत पानं अजून थोडी चालली असती.

कुणी घ्यावं? पहिल्यांदाच वाचत असाल तर हे घेऊ नका, एवढं मनापासून सांगते. पहिलं पुस्तक सुटं घ्या, पातळ आहे, दोन रविवारांत होतं. ते आवडलं तर दुसरं घ्या. तिन्ही वाचून झाल्यावर त्या बेटांवर परत जावंसं वाटलं तर हा ग्रंथ घ्या, आणि घेतलात तर कपाटात वर ठेवू नका. इतकं जड पुस्तक वर गेलं की खाली येत नाही. घरात पोथीचं स्टँड असेल तर काढा. नसेल तर उशी घेऊन बसा. लहान मुलांसमोर नकाशाचं पान उघडा. माझी लेक ड्रॅगनच्या नव्या कादंबऱ्यांतली, तिला जुनं संथ वाटेल असं मला वाटत होतं, पण ती नकाशावर बोटानं गेडच्या होडीचा मार्ग काढत बसली. गाँटहून रोक, रोकहून उत्तरेला ऑस्किल, मग पूर्वेकडे इफिश आणि त्यापलीकडे जिथं नकाशा संपतो. तिथं बोट नेऊन म्हणाली, “इथून पुढे काढलंच नाही?” मग तिनं पहिलं पुस्तक वाचायला घेतलं, माझं फुटपाथवरचं. खोडलेल्या नावाखाली आता माझं आहे आणि त्याखाली तिनं पेन्सिलीनं तिचं लिहिलं.

सध्या आम्ही ‘तेहानू’त आहोत. ओगियन गेला ते प्रकरण झालं. तो शेवटपर्यंत तेनारला तेनारच म्हणतो, गोहा म्हणत नाही, हे आईच्याच लक्षात आलं, माझ्या इतक्या वाचनांत कधी आलं नव्हतं. जळलेल्या मुलीला सगळे थेरू म्हणतात. काल रात्री चिमटा लावून मी पुस्तक मिटणार, तेवढ्यात आईनं पानावर हात ठेवला.

“या पोरीचं खरं नाव काय?”

“पुढे येतं, आई. अगदी शेवटी.”

“किती पानं?”

मी मोजून सांगितली. तिनं घड्याळाकडे बघितलं, साडेदहा झाले होते. शाल ओढून घेतली आणि लॅम्प माझ्याकडे सरकवला. म्हणाली, “वाच.”